गटारीच्या तोंडावर कोंबडी लंगडायला लागली

काबरी दोन दिवस एका पायावर उभी होती आणि मला वाटलं गारठलीय.

कोंबड्या तशाही उभ्या राहतात हो एका पायावर, पावसात तर हमखास. एक पाय पिसांत ओढून घ्यायचा, मान आत, डोळे अर्धे मिटलेले, की झालं. संगमेश्वर तालुक्यात आमचं घर, जुलैत इथे ऊन म्हणजे पाहुणा, आला तर आला, त्यामुळे आमच्या अकराच्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा दिवसभर वळचणीला असेच ध्यान लावून उभे. त्यात हिचं काही वेगळं आहे हे मला कुठून कळणार. लक्षात आणून दिलं ते लेकीने, ती दुसरीत आहे, पडवीत बसून बघत होती आणि म्हणाली, "आई, बाकीच्या पाय बदलतात, काबरी बदलतच नाही." मग मी पण उभी राहिले बघत, तर खरंच, डावा पाय कायम वर. कणी टाकली तेव्हा बाकीच्या धावल्या तशी ही पण निघाली, पण लंगडीच्या खेळात मारतात तशा तीन-चार उड्या मारून मध्येच बसली. आणि कणी समोर असताना कोंबडी बसते म्हणजे काहीतरी नक्की बिनसलंय. ही रविवारची, १३ जुलै २०२५ ची गोष्ट.

सासूबाई पडवीतच भाजी निवडत होत्या, त्यांनी वर पण न बघता सांगितलं, "गटारी आलीच हाय गो, कशाला तिचे हाल करतेस."

आता यात त्यांचं अगदीच चुकलं असं नाही. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बाजारात ताजा मासा नाही, सुकट आणि बांगडा खारवलेला खाऊन सगळे कंटाळलेले, त्यात श्रावण लागणार म्हणून आषाढात जेवढं खाऊन घेता येईल तेवढं खायचं. अमावस्या यंदा गुरुवारी आली होती, २४ तारखेला, आणि गुरुवार आमच्याकडे पाळतात, म्हणजे गटारी बुधवारीच. थोडक्यात काबरीकडे दहा दिवस होते. आणि आमच्या घरात कोंबडी अंड्यासाठी पण पाळतात आणि रश्श्यासाठी पण, उगाच खोटं कशाला बोलू. पण काबरी म्हणजे आमची पिल्लं काढणारी कोंबडी. वर्षातून दोनदा खुडूक बसते, बारा अंडी ठेवली तर नऊ-दहा पिल्लं काढतेच आणि मुंगसाच्या अंगावर जाते ती एकटीच. तलंगांना, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, काय अक्कल असते, अंडं घालतात नि विसरतात. त्यामुळे मी म्हणलं, आधी पाय तर बघू.

दिवसा तिला पकडायला गेले ही पहिली चूक. लंगडी कोंबडी सुद्धा परसात धरता येत नाही, तिने मला चिखलातून दोन फेऱ्या घालायला लावल्या आणि त्यात तिचा पाय अजून दुखावला असणार. मग शहाणपण सुचलं की रात्र होऊ दे. अंधारात कोंबडीला दिसत नाही, दांडीवर बसली की हाताने फळ काढावं तशी उचलता येते. साडेसातला खुराड्यात गेले, उचलली, काखेत घेतली, पंख माझ्या हाताखाली दाबलेले आणि डोक्यावर लेकीचा जुना फ्रॉक टाकला. डोळे झाकले की ती पाच सेकंदात गप्प होते, विश्वास बसणार नाही इतकी गप्प. नवऱ्याने मोबाईलची बॅटरी धरली.

मी तोपर्यंत फोनवर वाचून वाचून घाबरून बसले होते. मॅरेक्स नावाचा रोग असतो त्यात एक पाय पुढे आणि एक मागे असा पसरतो, मानमोडीत पण पाय जातात, मान वाकडी होते. पण हिची मान सरळ, डोळे स्वच्छ, शीट व्यवस्थित, आणि मी बोट तळव्याला लावलं तर तिने ते दुखऱ्या पायाने पण धरलं. घट्ट नाही पण धरलं. म्हणजे नसा शाबूत. तळवा पण नीट बघितला, तिथे काळी गोल खपली असेल तर ते वेगळं दुखणं, ते नव्हतं. आणि मग मधल्या बोटाकडे लक्ष गेलं.

मधलं बोट भुईमुगाच्या शेंगेसारखं झालेलं. मुळाशी बारीक, पुढे फुगलेलं. मुळाशी चिखल आणि शीट सुकून कडं झालं होतं, त्यातून एक निळं टोक बाहेर आलेलं, अगदी गव्हाच्या दाण्याएवढं. मी ते ओळखलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ते निळं जाळं मीच लावलं होतं.

कोकणात हे सगळेच करतात, मासेमारीचं जुनं फाटलेलं नायलॉनचं जाळं आणायचं आणि परसातल्या भाजीभोवती लावायचं, म्हणजे कोंबड्या उकरत नाहीत. आम्ही जयगडहून आणलं होतं जूनमध्ये, भेंडी, दोडका आणि काकडीच्या वेलांभोवती मी स्वतः बांधलं आणि खालचं फाटकं टोक कापायचं राहिलं, म्हणलं नंतर कापू. तेच सुटलेले दोरे जमिनीवर लोळत होते. कोंबडी उकरते तेव्हा पाय मागे ओढते, त्या ओढण्यात दोरा बोटात अडकतो, मग ती झटकते, फिरते, आणि प्रत्येक झटक्याला तो अजून आवळतो. नायलॉन कुजत नाही, तुटत नाही, सैल होत नाही, आणि बोट सुजलं की दोरा आपोआप आत जातो.

त्या रात्री मी दुसरी चूक केली, ते टोक चिमट्याने ओढलं. रक्त आलं. काबरी फ्रॉकच्या आतून असं काहीतरी ओरडली की अख्खं खुराडं जागं झालं. नवरा म्हणाला बास, उद्या उजेडात करू, आणि त्याचं बरोबर होतं. रक्तावर कापसाचा बोळा दोन मिनिटं दाबून धरला, थांबलं. तिला परत खुराड्यात मात्र ठेवली नाही. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचतात, मैत्रीण-बित्रीण काही बघत नाहीत, रक्ताचा ठिपका टोचून टोचून भोक पाडतात. पडवीत डालगं, म्हणजे कोंबडी झाकायची विणलेली टोपली, उपडं घातलं, खाली पोतं आणि त्यावर भाताचा तूस.

सोमवारी सकाळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. जनावरांच्या दवाखान्याची गाडी घरी बोलवायचा १९६२ हा टोल फ्री नंबर पण माहीत होता, पण एका कोंबडीच्या बोटासाठी गाडी बोलवायची मलाच लाज वाटली. डॉक्टर मागे आमच्या गाईच्या वेळी आले होते म्हणून नंबर होता. मला वाटलं हसतील. हसले नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला, बघितला आणि विचारलं, "बोटाच्या टोकाला चिमटा काढला तर पाय मागे घेते का?" घेत होती. "रंग काळा की लालसर?" लालसर, जांभळ्याकडे झुकणारा. "मग बोट जिवंत आहे, दोरा आज काढा, उद्यावर टाकू नका, आणि ओढू नका, आधी भिजवा." मग अजून दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला माहीत नव्हत्या. एक, कोंबडीला उताणी पाडून छातीवर दाब द्यायचा नाही, तिला श्वास घ्यायला छातीचं हाड हलावं लागतं, आपण घट्ट आवळून धरलं तर ती आपल्या हातात गुदमरू शकते. दुसरी, घरातल्या गोळ्या अर्ध्या-पाव करून द्यायच्या नाहीत, ना दुखण्याची ना अँटिबायोटिक. पोटातून अँटिबायोटिक द्यायची वेळ आलीच तर ते देतील, आणि मग तिची अंडी ठरावीक दिवस खायची नाहीत, किती दिवस ते औषधावर ठरतं. सूज बोटातून वर पायाच्या नळीला चढली, घाण वास आला किंवा खाणं सोडलं तर घेऊन या म्हणाले.

तर भिजवणं. आईस्क्रीमचा मोठा डबा घेतला, कोमट पाणी, म्हणजे मनगटावर टाकलं तर जेमतेम गरम लागेल इतपत, त्यात चमचाभर मीठ. काबरीला टॉवेलमध्ये गुंडाळलं, फक्त पाय बाहेर, आणि मांडीवर घेऊन पाय डब्यात धरून बसले. मला वाटलं होतं युद्ध होणार. पहिलं मिनिटभर तिने पाणी उडवलं, मग जे काय झालं ते बघायला सासूबाई पण उठून आल्या, बाईसाहेब डोळे मिटून चक्क पेंगायला लागल्या. पंधरा मिनिटं. बाहेर धो धो पाऊस, पाणी निवलं की नवरा चुलीवरचं आधण थोडं थोडं ओतून देत होता आणि मी कोंबडीचे पाय शेकत बसलेय, माझ्या माहेरी कळलं असतं तर काय म्हणाले असते देव जाणे.

चिखलाचं कडं सुटलं तेव्हा खरा प्रकार दिसला. दोऱ्याचे दोन वेढे होते, एक वर, दुसरा कातडीत पूर्ण बुडालेला, त्याच्यावर कातडी सुजून आली होती. वरचा सोपा गेला. सुईचं मागचं, नेढ्याचं टोक आडवं करून वेढ्याखाली सरकवलं, जरा उचललं आणि भरतकामाच्या छोट्या कात्रीने कट. कात्री आणि सुई आधी उकळून घेतली होती. आतला वेढा मात्र दिसेना, परत भिजवलं, परत पुसलं, आणि शेवटी बोटाच्या बाजूला, खवल्यांच्या सांध्यात एका ठिकाणी तो केसाएवढा वर आलेला सापडला. तिथेच कापला आणि मग चिमट्याने अगदी हळू, बोटाच्या गोलाईने फिरवत फिरवत बाहेर काढला. सरळ ओढला असता तर करवतीसारखा कापत आला असता. निघाला तेव्हा मोजला, वीतभर. एवढ्याशा बोटात वीतभर दोरा.

खाली खोबणी पडली होती बोटाला चहूबाजूंनी, ओली, लाल, पण हाड दिसत नव्हतं. ती सलाइनने धुतली, मग बिटाडीन पाण्यात घालून, कोऱ्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करून, त्याने पुसली. इथे सासूबाईंशी माझं वाजलं. त्यांचं म्हणणं हळद-चुना भरायचा, त्यांच्या आईने सगळ्या गुरांना तेच केलं. हळदीला माझा विरोध नाही, पण चुना उघड्या जखमेला भाजतो, आणि हळदीची पूड ओल्या जखमेवर सुकून परत तेच कडं तयार होणार, ज्याच्या आत काय चाललंय ते दिसणारच नाही. मी ऐकलं नाही, त्या दोन तास बोलल्या नाहीत. मलम लावलं पातळसं आणि पट्टी बांधायला घेतली.

पट्टीवर मी एक आख्खं पुराण लिहू शकते. कोंबडीच्या पायाला पट्टी बांधणं म्हणजे सुरी-काट्याला मफलर गुंडाळणं, कुठूनही बांधा, कुठूनही सुटतं. पहिली पट्टी, गॉज आणि वरून कागदी चिकटपट्टी, तिने दहा मिनिटांत सोडवून खाल्ली, हो, चिकटपट्टीचा तुकडा गिळला, आणि मग रात्रभर मला ते टेन्शन. दुसरी जुन्या सुती साडीची, गाठ मारलेली, ती पायात सरकून पैंजणासारखी झाली. तिसऱ्यांदा डोकं चालवलं. छोटा गॉज फक्त जखमेवर, मग साडीची बोटभर रुंद लांब पट्टी बोटावर एक वेढा, तिथून तळव्याखालून शेजारच्या बोटांच्या मधून वर, घोट्याभोवती एक वेढा, परत खाली, आठ आकडा काढतात तसं. सगळ्यावर शेवटी लाइटवाल्याची काळी इन्सुलेशन टेप, ती पिसांना फारशी चिकटत नाही आणि चोचीत पण नीट येत नाही. पण टेप ताणून लावायची नाही! ताणली तर आपणच नवा दोरा बांधल्यासारखं. मी दर वेळी पुढचं बोट हाताने बघायचे, दुसऱ्या पायाच्या बोटाइतकंच गरम लागतंय ना. नुसतं "गरम लागतंय म्हणजे सूज" असं समजू नका, कोंबडीचं अंग मुळातच ४१-४२ डिग्रीला असतं, आपल्या हाताला ती कायम तापलेलीच वाटते, म्हणून दोन पाय एकमेकांशी ताडून बघायचे.

ऑनलाइन ती स्वतःलाच चिकटणारी, जनावरांसाठीची पट्टी मागवली होती, ती "दोन दिवसांत" येणार होती. आमच्या दोन दिवसांत घाट येतो, दरड येते, कुरिअरवाला पोरगा रेनकोट विसरतो. शनिवारी आली, १९ ला.

त्याच्या आधी गुरुवारचं प्रकरण झालं. बुधवार रात्रभर पाऊस तिरका होता, पडवीत आत आला, डालग्याखालचं पोतं भिजलं, तूस भिजला आणि मी सकाळी साडेसहाला उठून डबे करण्याच्या नादात तिच्याकडे बघितलंच नाही दुपारपर्यंत. पट्टी उघडली तर आधी वास. जखम अशी वाईट नव्हती पण बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, आपण दिवसभर लावणीला चिखलात उभं राहिलो की होते तशी, आणि काळ्या टेपच्या कडेला एक माशी. इथे मी खरी घाबरले. दोऱ्याला नाही घाबरले तेवढी त्या माशीला घाबरले, कारण पावसाळ्यात जखमेत अळ्या पडायला एक दिवस पुरतो, आमच्या शेजारच्या वासराचं मी बघितलंय.

फोटो काढून परत डॉक्टरांना. ते म्हणाले, "पट्टी काढा आणि पाय सुकवा, ओली पट्टी ठेवण्यापेक्षा उघडी जखम परवडली." अळ्या नव्हत्या, अंडी पण दिसली नाहीत, भिंग घेऊन बघितलं. सगळं धुतलं, कापडाने टिपलं, बोटांच्या मधून सुद्धा, आणि मग प्रश्न आला की सुकवायचं कुठे. घरात, पडवीत, खुराड्यात, अख्ख्या गावात एक कोरडी जागा नव्हती. होती एक, चुलीशेजारी.

आमच्याकडे गॅस आहे पण पावसाळ्यात आंघोळीच्या पाण्याची चूल मागच्या पडवीत दिवसभर धुमसत असते, तिथे वर काजूची बोंडं-बिंडं सुकवायची फळी पण आहे. त्या कोपऱ्यात सासूबाई स्वतः डालगं घेऊन गेल्या. मी काही म्हणायच्या आत. खाली चाळलेली गार राख, त्यावर कोरडा तूस चार बोटं. आणि मला म्हणाल्या, "तुझं ते चहाचं पाणी लाव, पण बसवायची कुठं ते मला इचार." ठीक आहे म्हणलं. राख जखमेला लागू नये म्हणून वर तूस जाड ठेवला एवढंच माझं, बाकी जागा त्यांची. तो तूस सकाळ-संध्याकाळ बदलायचा, शीट तर लगेच उचलायची, कारण ओल्या तुसात शीट कुजली की जो झोंबरा वास येतो त्याने तिचे डोळे आणि फुप्फुसं पण बिघडणार. शेजारच्यांकडे गुरांच्या जखमेवर मारायचा स्प्रे होता, तो जखमेच्या आत नाही, पट्टीच्या बाहेरून जरासा मारायचे, माशा लांब राहायच्या.

त्या कोपऱ्यात आठवडाभरात पाय सुधारला. मी आधी सगळं लक्ष औषधावर दिलं होतं, कुठलं मलम, किती वेळा, किती पातळ, आणि ते सगळं जेमतेम दोन दिवसांचं काम होतं. पुढचं काम नुसतं तिला कोरडं ठेवायचं आणि हलू द्यायचं नाही, जे करायला काही कौशल्य लागत नाही पण आषाढात त्याच्यासारखं अवघड काही नाही.

जेवणखाण राजेशाही. कणी, मोड आलेली मटकी, भाकरीचा चुरा, आणि सासूबाई लपून गुरगुट्या भात. पाण्याचं भांडं बुटकं, म्हणजे उठावं लागत नाही. अंडी बंद झाली होती, ते होणारच, कोंबडीला धक्का बसला की पहिलं अंडं थांबतं. कोंबडा रोज येऊन चुलीच्या पायरीवर उभा राहायचा, काहीतरी दाणा उचलायचा, टाकायचा, तो त्यांचा टुकटुक आवाज काढायचा, या जेवायला म्हणून. डालग्यातून ही उत्तर द्यायची. हे फार बरं झालं, कारण कोंबडी कळपातून आठवडाभर गायब झाली की बाकीच्या तिला विसरतात आणि परत सोडली की परकी समजून मारतात. त्यांना ती दिसत राहिली पाहिजे. डालग्याचा हाच फायदा, विणीतून दिसतं सगळं पण चोच पोचत नाही.

२३ जुलै. गटारी. दीर आले होते चिपळूणहून, मसाला घेऊन, त्यांनी मागच्या पडवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "वा, ही तर तयारच ठेवलीय चुलीपाशी." मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "तिला औषध लावलंय, ती खायाची न्हाय!" दीर म्हणाले पायाला लावलंय ना, पाय टाकून देऊ. तर त्या, "रगतात जातंय ते. तू डॉक्टर हायस काय?" आता बिटाडीन बोटाला लावल्याने अख्खी कोंबडी खाण्यासारखी राहत नाही असं काही मला तरी डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण मी कशाला बोलतेय. त्या दिवशी एक कोंबडा शेजारून आणला गेला आणि काबरीच्या डालग्यापासून पाच फुटांवर तो शिजला, हे पण सांगायला हवं. मी पण खाल्ला. चांगला झाला होता.

दर दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायची, नवी पट्टी खरंच छान निघाली, हाताने फाडता येते, टेप लागत नाही. हे हाताने फाडणं नागपंचमीला कामाला आलं. २९ ला मंगळवारी नागपंचमी, त्या दिवशी आमच्याकडे चिरणं-कापणं बंद, विळी-सुरी-कात्री काही नाही, तवा पण नाही. नेमका पट्टीचा दिवस. सासूबाई म्हणाल्या उद्या कर. मी म्हणलं कात्री नाही लावत, आणि फाडून बांधली, त्यांनी शेजारी उभं राहून बघितलं की कुठे काही कापत तर नाही ना. त्या दिवशी खोबणी जवळजवळ भरून आलेली दिसली, गुलाबी कातडी, कोरडी, खवल्यांशिवाय. सूज अर्ध्यावर. पुढचं नख मात्र काळं पडलं होतं आणि हलत होतं. डॉक्टरांना विचारलं, म्हणाले रक्त कमी पोचलं होतं काही दिवस, नख जाईल, जाऊ दे, ओढू नका. ते १ ऑगस्टला तुसात सापडलं, पूर्ण, आकड्यासारखं वाकडं. लेकीने कंपासपेटीत ठेवलंय. शाळेत दाखवून आली.

पट्टी काढून टाकल्यावर लगेच सोडली नाही, दोन दिवस रिकाम्या पायाने तुसातच चालू दिली. तेवढ्यात नवऱ्याने खुराड्याची दांडी खाली घेतली. हे डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, दांडी किती उंच आहे? छातीएवढी होती, आणि खाली चिऱ्याची फरशी. म्हणजे रोज सकाळी अकरा कोंबड्या चार फुटांवरून दगडावर उड्या मारतात. त्यानेच तळव्याला बारीक चिरा पडतात, त्यात जंतू शिरतात आणि ती काळी गोल खपली होते, जिच्या आत घट्ट पू साचतो. ती निस्तरायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो म्हणाले. आता दांडी दीड फुटावर आहे, गोल बांबूच्या ऐवजी रुंद चेपलेली फळी, खाली तूस. कोंबडा दोन रात्री रुसून लिंबाच्या झाडावर जाऊन बसला, त्याला उंचावरच पाहिजे असतं. तिसऱ्या रात्री पाऊस वाढला तेव्हा आला गुपचूप आत.

रविवारी ३ ऑगस्टला काबरीला संध्याकाळी, अंधार पडताना, खुराड्यात इतरांच्या मध्ये ठेवली. सकाळी जागी झाल्यावर ती तिथेच असते, रात्रभर शेजारी बसलेली, म्हणून भांडण कमी होतं. तरी एका तलंगेने सकाळी तिला टोचून बघितलं. तीन आठवड्यांत तलंगेला वाटायला लागलं होतं की आता मीच मोठी. काबरीने एक पाऊल पुढे टाकलं, लंगडत, आणि तिच्या डोक्यावर अशी एक चोच मारली की विषय संपला.

चालते आता बरोबर. नीट बघितलं तर डावा पाय जरा तिरका पडतो, चिखलात तिचा ठसा ओळखू येतो, मधल्या बोटाला टोक नाही. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहिलं अंडं दिलं, लहानसं.

जाळं मी त्याच सोमवारी, दोरा काढला त्या संध्याकाळीच, सगळं उपसून काढलं होतं. पावसात तासभर वाकून एकेक दोरा वेचला, लेक पण होती, तिने मोजले, चव्वेचाळीस तुकडे. जाळायचा वास नको म्हणून पोत्यात भरून पोटमाळ्यावर टाकलंय. त्याच्या जागी बांबूच्या कामट्यांचं कुंपण करायचं ठरलंय, नवरा "या रविवारी" म्हणतोय, असे चार रविवार गेले. तोवर भाजीला काहीच नाही. काल बघितलं तर काबरी भेंडीच्या वाफ्यात, डाव्या पायाने, हो त्याच पायाने, जोरजोरात उकरत होती आणि सासूबाई पडवीतून तिला हाकलायच्या ऐवजी मला सांगत होत्या, "बघ गो, जोर आला हाय पायात."